एका पैचा हिशेब

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, परवा हेंद्रेपाड्यात आमच्या नातवाला वाण्याने दहा रुपये जास्त परत दिले. घरी येऊन विचारतो, "आजोबा, नाही दिले तर तो ओरडेल का?"

लहानपणी आपण माराच्या भीतीने खरे वागतो, मोठेपणी लोक काय म्हणतील म्हणून. मी बँकेत कॅशवर होतो. एकदा शंभर रुपये जास्त निघाले. कुणाला कळणार नव्हते, खिशात घातले. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी जाऊन जास्तीची रक्कम म्हणून नोंदवले.

देवगिरीवर दत्तभक्त जनार्दनस्वामींकडे नाथमहाराज हिशेब ठेवत. एका पैची चूक शोधायला त्यांनी रात्र जागवली, ही कथा आपण जाणतोच. चूक सापडताच ते आनंदाने टाळ्या वाजवू लागले. त्यांना कुणाचा धाक नव्हता. गुरूंचे काम चोख व्हावे, एवढीच ओढ. माझे जागरण भीतीचे, नाथांचे प्रेमाचे. ही तिसरी पायरी. साठी उलटली तरी मी अजून दुसरीवरच घुटमळतो.

नातवाला म्हटले, "नाही रे ओरडणार. पण पैसे त्याचे आहेत ना? चल, देऊन येऊ."

दत्तमहाराज आपणा सर्वांना ती पायरी चढवोत.