पेटीचा श्वास

निफाडची द्राक्षबाग, जानेवारीची पहाट, विहिरीच्या काठावरची स्टार्टरची पेटी. तिच्यासमोर मनानेच उभे राहा. मोटार चालू करायची नाही, नुसतं पाहायचं आहे.

झाकण उघडा. नजर वर, पत्र्याच्या आतल्या अंगाकडे न्या. तिथे मोहरीएवढे थेंब आहेत. एक फुगतो, शेजारच्याला मिळतो, सरकतो आणि खाली कॉन्टॅक्टरवर पडतो. तांब्याच्या टोकाला हिरवट चढलंय. पाऊस जाऊन महिने झाले, मग हे पाणी आलं कुठून?

इथे जरा थांबा. मन लगेच फट शोधू लागेल, सिलिकॉनची ट्यूब आठवेल. शोधू दे, पण त्याच्या मागे जाऊ नका.

आता कालची दुपार आठवा. उन्हाने पेटी तापली, आतली हवा फुगली, थोडी बाहेर गेली. ऊन उतरलं, हवा आकसली आणि गॅस्केटच्या बारीक फटींतून, केबलच्या पाइपातून बाहेरची हवा आत ओढली गेली. नुकतंच पाणी दिलेल्या बागेतली ओलसर हवा. हा श्वास सावकाश न्याहाळा. एक घनमीटर हवा 30 अंशांना साधारण 30 ग्रॅम वाफ पेलते, 10 अंशांना जेमतेम साडेनऊ. त्यात निरभ्र रात्री उघड्यावरचा पत्रा भोवतालच्या हवेहूनही गार होतो. न पेलवलेली वाफ त्याच्यावरच बसते. बागायतदाराला हे काय सांगायचं? पानावरचं दव आणि त्यामागून येणारा केवडा तो ओळखून असतो.

म्हणून आयपी 65 चा शिक्का पाहून निर्धास्त होऊ नका. तो धूळ आणि पाण्याची धार अडवतो. पेटीचा श्वास थांबवत नाही. उलट सगळं घट्ट बुजवलं की आतल्या पाण्याला बाहेरची वाटच उरत नाही. हा अतिबंदोबस्त मला गळतीइतकाच वाईट वाटतो.

मनातच एकेक बदल करून बघा. वर छोटं छप्पर घाला: दुपारचं ऊन आणि रात्रीचं उघडं आकाश, दोन्ही टळतात. पाइपचं तोंड बुजवा, कारण त्यातून चरातली दमट हवा वर चढते. आत थर्मोस्टॅटवरचा लहान हीटर. आतली हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश गरम राहिली तरी बराच फरक पडतो. मात्र शेतीची वीज रात्री नसेल तर हीटरही गारच. सिलिका जेलवरही फार विसंबू नका. डीपीच्या ब्रीदरमधले निळे दाणे गुलाबी झालेले तुम्ही पाहिलेच असतील.

राहिला पेटीचा तळ. नुसतं भोक पाडलं तर पाणी जाईल, पण मुंग्या आणि पाली येतील. बारीक जाळीचा ड्रेन प्लग बसवा, आणि पेटी त्या कोपऱ्याकडे किंचित कलती ठेवा.