मुकी अमानत आणि औषधाची बाटली

पावसाळा सुरू झाला की शेळ्या बाळगणाऱ्या घरांत एक दृश्य हमखास दिसते. जंताच्या औषधाची बाटली येते, सगळी जनावरे धरली जातात आणि लहानमोठ्या प्रत्येकीच्या तोंडात अंदाजाने घोटभर औषध ओतले जाते. आपले कर्तव्य पार पडले, असे आपण समजतो. ते खरोखर पार पडते का?

अन्सारी सहाबींच्या बागेतील उंटाची हकीकत आपणांस ठाऊक असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांना पाहताच त्याचे डोळे पाझरू लागले. त्यांनी मायेने त्याला कुरवाळले आणि मालकाला बोलावून, अल्लाहने ताब्यात दिलेल्या या जनावराबाबत अल्लाहचे भय बाळगण्यास बजावले. उंट उपाशी होता, कामाने खंगला होता.

शेळीची तक्रार तिच्या पापणीत लिहिलेली असते. तिच्या चौथ्या पोटात राहणारा हिमोंकस नावाचा जंत रक्त शोषतो. त्याची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती लेंड्यांवाटे कुरणात पडतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या ओल्या गवतावर चढतात. खालच्या पापणीची आतली बाजू लालसर असेल तर शेळी तग धरून आहे. पांढुरकी पडली असेल, जबड्याखाली सूज असेल, तर उपचारास एक दिवसाचाही विलंब नको. दक्षिण आफ्रिकेत याच रंगांचा ‘फमाचा’ नावाचा तक्ता तयार झाला आहे. (अर्थात, सगळे जंत रक्त पीत नाहीत. हगवण लागलेल्या किंवा खंगत चाललेल्या शेळीची लेंडी तपासून घ्यावी.)

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. पोटात थोडे जंत असूनही धडधाकट असलेल्या शेळीला औषध न पाजणे ही निष्ठुरता नव्हे काय? प्रत्येक आजारावर उपाय आहे, अशी शिकवण आपल्याला मिळाली आहे. परंतु वारंवार सरसकट औषध पाजले की त्याला दाद न देणारे जंतच मागे उरतात आणि कुरण त्यांच्याच संततीने भरते. वजन न करता कमी मात्रा दिली तरी तेच घडते. शेळीचे शरीर ही औषधे मेंढीपेक्षा लवकर निकामी करते, म्हणून मेंढीचे माप तिला पुरत नाही. मात्रा पशुवैद्यकालाच विचारावी. निरोगी शेळीच्या पोटात राहू दिलेले साधे जंत औषधाचा गुण टिकवून ठेवतात. आणि गायरान आपल्या एकट्याचे नसते. आपल्या उतावळ्या दयेमुळे औषध निरुपयोगी झाले, तर त्याच गायरानावर दोन शेळ्या चारणाऱ्या विधवेची शेळी मरते. हा प्रश्न हुकूकुल इबादचा आहे, मनुष्यांच्या हक्कांचा आहे. औषधाची बचत ही त्यातील गौण बाब होय.

बाजाराची गोष्ट थोडक्यात सांगतो. प्रेषित (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले, ते वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. औषध पाजल्यानंतर ठरावीक दिवस त्या जनावराचे मांस व दूध खाण्यास योग्य नसते. ती मुदत बाटलीवर छापलेली असते. ईदुल अज़हाच्या आठवड्यात बोकड तुकतुकीत दिसावा म्हणून औषध पाजून तो बाजारात उभा करणारा ओले धान्य आतच दडवतो.

तेव्हा या ईदपूर्वी औषध पाजल्याची तारीख वहीत लिहून ठेवा आणि गिऱ्हाइकाने विचारले नाही तरी ती सांगा. एखादे गिऱ्हाईक पाठ फिरवेल, बोकड दावणीला परत येईल. येऊ द्या.