चातुर्मासात कादंबरी सोडावी का?



आषाढी जवळ आली की आपल्या गुरुवारच्या बैठकीत एकच विषय, यंदा काय सोडणार? कांदा-लसूण बहुतेक घरांत सुटतंच. कुणी वांगं सोडतं (ज्यांच्या घरी वांगं तसंही कुणी खात नाही त्या ते फार आनंदाने सोडतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे). कुणी गोड सोडतं, कुणी चहा सोडायचं ठरवतं आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतं. यंदा मात्र आमच्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, "मी कादंबऱ्या सोडते." बैठकीत क्षणभर कुणी काही बोललंच नाही. कारण वहिनींचं वाचन सगळ्यांना माहीत. दोन शाळकरी मुलं, सासूबाई अंथरुणाला, सकाळी तीन डबे, आणि तरी महिन्याला तीन-चार कादंबऱ्या.

त्यांनी कारणही सांगितलं. "पोथी घेतली की मला दहा मिनिटांत झोप येते. कादंबरी घेतली की रात्रीचे बारा वाजले तरी डोळा मिटत नाही. मन कुठे आहे ते कळलंच ना?"

प्रश्न प्रामाणिक आहे. 'अगं, काही होत नाही, वाच की' असं म्हणून तो उडवून लावता येत नाही. गेले तीन आठवडे आम्ही बडोद्याच्या काहीजणी यावरच बोलतो आहोत, पोळ्या लाटताना, फोनवर, आरतीनंतर चपला शोधताना. जे सुचलं ते इथे मांडतो.

आधी आम्ही वाचतो कधी ते सांगायला हवं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चार पानं. मुलांची रिक्षा यायची असते तेव्हा गेटवर उभ्या उभ्या दोन पानं. दुपारी भांडीवाली येऊन जाईपर्यंत जमलं तर एक प्रकरण. खूण म्हणून गॅसची पावती, नाहीतर इस्त्रीवाल्याची चिठ्ठी. लायब्ररीच्या पुस्तकावर हळदीचं बोट उमटलेलं दिसलं की आपल्या आधी ते कुणी नेलं असावं याचा अंदाज येतो. आणि एवढ्यात दाराची बेल वाजली, की पुस्तक आधी उशीखाली जातं, मग दार उघडतं.

हे उशीखाली जाणं का? घरात कुणी रागावत नाही. उलट सगळे म्हणतात, वाच ना, कोण नको म्हणतंय. तरी हात उशीकडे जातोच. घरातली पुरुष मंडळी सकाळी गॅलरीत चहाबरोबर अर्धा तास पेपर वाचतात, त्याला कुणी चैन म्हणत नाही, आणि बेल वाजली म्हणून तो पेपर कधी गादीखाली गेलेला आम्ही पाहिलेला नाही.

ही लपवाछपवी जुनी आहे. रमाबाई रानड्यांचं लग्न 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी झालं. न्यायमूर्ती त्यांना शिकवत, आणि घरातल्या बायका त्या शिकण्यावरून घालून-पाडून बोलत. हे सगळं त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. ते पुस्तक आलं 1910 साली. योगायोग असा, की त्याच 1910 साली आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून संस्थानभर सार्वजनिक वाचनालयं उभी करायचं काम सुरू केलं. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. त्याआधी चार वर्षं प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचं झालं होतं, मुलींसकट. म्हणजे रस्ता आणि पाणी द्यावं तसं रयतेला वाचायलाही द्यावं, असं इथल्या राजाला वाटलं होतं. मांडवीजवळच्या त्या लायब्ररीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या आम्ही, शंभराहून जास्त वर्षांनी, बेल वाजली की उशी शोधतो! याचं हसूही येतं आणि जरा वाईटही वाटतं.

तेव्हा 'वाचन म्हणजे रिकामपण' हा आक्षेप आम्ही फारसा मनावर घेत नाही. ज्या बाईने दिवसभरात सगळ्यांचं सगळं केलं, तिची वीस मिनिटं तिची आहेत.

पण वहिनींच्या सासूबाई जे म्हणाल्या ते आम्हाला असं बाजूला सारता आलं नाही. त्या एकदा म्हणाल्या, "तू इथे असतेस आणि नसतेस."

हे खरं आहे. त्यांच्या पलंगाशी बसून वहिनी भाजी निवडतात तेव्हा त्या तिथे असतात. विणकाम करतात तेव्हाही असतात, बोलतात, हूं म्हणतात. पुस्तक उघडलं की खुर्चीत फक्त शरीर उरतं. आजारी माणसाला हे फार लवकर कळतं. लहान मुलांनाही कळतं. मूल शाळेतलं काही सांगत असतं, आपण 'हं, हं' करतो, आणि ते मध्येच थांबून विचारतं, "आई, मी काय सांगितलं?" मोबाइलबद्दल आपण मुलांना जे ऐकवतो तेच इथे आपल्याला लागू पडतं. पुस्तक चांगलं आहे म्हणून त्यात सूट मिळत नाही.

हे बोलणं चाललं असताना आमच्यातल्या एका काकूंना गोरोबाकाकांची गोष्ट आठवली. महिपतींच्या भक्तिविजयात ती आहे, सगळ्यांना पाठ आहे. बायको पाण्याला गेली, जाताना मुलाकडे लक्ष ठेवायला सांगून गेली. गोरोबा नामात दंग होऊन चिखल तुडवत होते, मूल रांगत आलं आणि पायाखाली गेलं. किती वेळा ऐकली असेल ही गोष्ट, पण आपण नेहमी ऐकतो ती गोरोबांच्या बाजूने, केवढी ही तल्लीनता म्हणून. काकू म्हणाल्या, "मला हल्ली ती घागर घेऊन परत येणारी बाई दिसते."

आम्ही सगळ्या गप्प झालो. पुढे पांडुरंगाच्या कृपेने मूल परत मिळतं, गोष्ट गोड होते. पण ती बाई दारात आली त्या क्षणाचं काय? पोथी तिथे थांबत नाही. थांबायचं असेल तर वाचणाऱ्याने थांबावं लागतं. आणि आमचं असं म्हणणं आहे, की तिथे थांबायची सवय काकूंना कादंबऱ्यांनी लावली. इतकी वर्षं त्यांनी दुसरं काय केलं? या बाईला काय वाटलं असेल, त्या म्हाताऱ्याने असं का केलं असेल, याच्यात डोकं घातलं. तेच डोकं घेऊन त्या पोथीकडे आल्या तेव्हा पोथीतली जी बाई इतकी वर्षं नुसती पाणी आणायला जात होती, ती त्यांना माणूस म्हणून दिसली.

वहिनींच्या झोपेचं कारणही आम्हाला इथेच सापडतं. आपण पोथी 'उरकतो'. आज दोन अध्याय झाले पाहिजेत, म्हणून रात्री साडेदहाला, ओटा पुसून झाल्यावर. कादंबरी कुणी उरकत नाही. पुढे काय झालं हे कळल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून वाचतो. आणि पोथीत तरी काय, गोष्टीच आहेत ना! सेना न्हावी वेळेवर गेला नाही म्हणून बादशहा चिडतो, जनाबाईच्या जात्याशी देव येऊन बसतो. 'पुढे काय झालं' म्हणून हे वाचून बघावं. झोप येते का ते पाहावं.

आता आणखी एक मत बैठकीत आलं, ते असं की कादंबरी सोडून प्रेरणादायी पुस्तकं वाचावीत, त्यातून काहीतरी घेता येतं. या पुस्तकांना आम्ही नावं ठेवणार नाही. अडचणीच्या काळात त्यातल्या एखाद्या वाक्याने उठून उभं केलेल्या बायका आमच्यात आहेत. पण एक गंमत पाहा. त्या बहुतेक पुस्तकांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'मी'च असतो. माझी सकाळ कशी असावी, माझं ध्येय, माझा आत्मविश्वास, माझं यश. कादंबरीत मात्र तीनशे पानं 'मी'ला कुणी विचारतच नाही! 'ययाती' घ्या. खांडेकरांना ज्ञानपीठ मिळवून देणारी ही कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने सांगतात. एकाचं ऐकून आपण दुसऱ्याला दोष द्यावा, तोवर तो दुसरा बोलायला लागतो. घरात सासू, सून, नणंद यांच्यात हेच तर होतं, फक्त तिथे कुणी आळीपाळीने प्रकरणं वाटून देत नाही. मीपणा कमी व्हावा म्हणून आपण बैठकीला येतो, तर मग जे वाचन दोन तास का होईना आपल्याला स्वतःची आठवण होऊ देत नाही ते हलकं आणि जे सतत 'तू, तू' करतं ते भारी, हे कसं?

खरं तर आपल्या कीर्तनकारांनी हे कधीच ओळखलं होतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला निरूपण, उत्तररंगाला आख्यान. मध्ये बुक्का, हार, भजन. पूर्वरंगात मागच्या रांगेतल्या निम्म्या बाया वाती वळत असतात. आख्यान सुरू झालं की वाती मांडीवर राहतात. म्हणून पूर्वरंग काढून टाकत नाहीत, आणि उत्तररंगाला मनोरंजन म्हणून हिणवतही नाहीत. तत्त्व सांगून झालं की माणूस उभा करून दाखवावाच लागतो.

प्रेरणादायी पुस्तकांतलं मराठी घरांत सगळ्यात जास्त टिकलेलं पुस्तक कुठलं, असं विचारलं तर आम्ही 1981 सालचं वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' म्हणू. ते का टिकलं? ते एका माणसाची गोष्ट सांगतं म्हणून. गुलामीत जन्मलेलं, आईपासून तुटलेलं, अशक्त पोर. शेतावरचं जड काम जमत नाही म्हणून घरातल्या कामाला लागतं, स्वयंपाक, शिवण, धुणं शिकतं, आणि पुढे लोकांचे कपडे धुऊन शिक्षणाचा खर्च भागवतं. शेंगदाण्यावरचं त्यांचं संशोधन सगळ्यांना आठवतं. आम्हाला ते धुणं आठवतं. घरकाम करणाऱ्या हातांची किंमत कळायला आम्हाला त्याहून चांगलं पुस्तक मिळालेलं नाही, आणि त्यात उपदेशाचं पान शोधून सापडत नाही.

पुन्हा सासूबाईंकडे येतो, कारण तो प्रश्न सुटलेला नाही. वहिनींनी एक उपाय करून पाहिला. रणजित देसाईंची 'स्वामी' त्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवू लागल्या, रोज दुपारी पंधरा-वीस मिनिटं. सासूबाई उच्चार सुधारतात, मध्येच पेशव्यांच्या नात्यागोत्यांवर भाष्य करतात, आणि थेऊरचा भाग जवळ आला तेव्हा म्हणाल्या, "पुढचं वाचू नकोस, काय होतं ते ठाऊक आहे मला." ऐकणाऱ्यांना वाटलं, झालं, प्रश्न सुटला, वाचनही झालं आणि सेवाही. आम्हाला तसं वाटत नाही. मोठ्याने वाचणं ही सेवा झाली, फार सुंदर सेवा झाली, पण ती सासूबाईंच्या वेळेने, त्यांच्या आवडीने, त्यांना झेपेल तेवढी. वहिनींचं स्वतःचं, मनातल्या मनातलं वाचन त्यात कुठे आहे? बाईच्या प्रत्येक आवडीला सेवेचं लेबल लावल्याशिवाय तिला घरात जागा मिळू नये, हे आम्हाला पटत नाही. सासूबाई जाग्या असताना त्यांच्याशी असावं आणि त्यांचा डोळा लागल्यावर आपलं पुस्तक उघडावं, एवढा साधा हिशेब पुरेसा आहे. तो रोज जमणार नाही, हेही खरं.

आता सोडण्याबद्दल. चातुर्मासात आपण जे सोडतो ते जिभेचं, सवयीचं, ज्याने आपल्याला बांधून ठेवलंय असं काहीतरी. वहिनींना कादंबरीने बांधून ठेवलंय का? आम्हाला दिसतं ते असं, की त्यांना बांधलंय ते रात्रीच्या बाराने. बारापर्यंत जागलं की सकाळी साडेपाचला उठताना चिडचिड, ती मुलांच्या डब्यापासून सुरू होते आणि सासूबाईंच्या औषधापर्यंत पोचते. दुसऱ्यांना भोगावं लागतं ते हे. म्हणून आम्ही त्यांना तोंडावर सांगितलं, की वहिनी, सोडायचंच असेल तर दहानंतरचं पान सोडा. कितीही रंगलं असलं तरी खूण घालून पुस्तक मिटायचं. चहा सोडण्याहून हे अवघड आहे, करून बघा कुणीही. काही जणींना आमचं म्हणणं पटलं नाही. त्यांच्या मते जे सगळ्यात आवडतं तेच देवाला द्यावं, नाहीतर तो नेम कसला. त्यांचंही चुकलं असं आम्ही म्हणत नाही. वहिनींनी काय ठरवलं ते त्या आणि गुरुमाउली पाहून घेतील.

जाता जाता एक सूचना. केंद्रातल्या मागच्या खोलीतलं लाकडी कपाट रिकामं झालं आहे. आषाढीपासून त्यात पुस्तकं ठेवायची आहेत. ज्यांच्या घरी वाचून झालेल्या कादंबऱ्या, चरित्रं, प्रेरणादायी पुस्तकं असतील त्यांनी गुरुवारी आणून द्यावीत. सुटी झालेली पानं आधी शिवून घ्यावीत, ब्राऊन पेपरचं कव्हर घालावं. हळदीचे डाग चालतील. नोंदवही कपाटातच असेल, नाव आणि तारीख आपली आपण लिहायची, आणि नेलेलं पुस्तक महिन्याभरात परत आणायचं.