रंगाखालचं वेल्डिंग

घरच्या शेडमध्ये केलेलं गाडीचं काम तपासायला कोणी येत नाही. सातपूरच्या एका कारखान्यात मी फिटर होतो, तेव्हा बोल्ट आवळला की त्यावर पिवळी रेघ ओढायची असा नियम होता. मग पुढच्या जागेवरचा माणूस टॉर्क पान्याने तोच बोल्ट पुन्हा बघायचा आणि आपल्या रंगाची रेघ ओढायचा. दोघांच्या रेघा दिसल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. हरसूलला आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही रेघा ओढणारा मीच आहे. वेल्डिंग मीच करतो, त्यावर ग्राइंडर मीच फिरवतो आणि काळा रंगही मीच मारतो. रंगाखाली जोड किती आत गेला आहे हे माझ्याशिवाय कोणाला कळणार नाही. म्हणून एकदा स्वतःलाच समोर बसवून विचारायचं ठरवलं.

गाडी म्हणजे जुनी फोर-बाय-फोर कॅम्पर. पुढे माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, खाली दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे पाटे. गेल्या काही वर्षांत मी तिला दोनेक इंच उचललं. मागच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घातले, पुढे एक जादा पाटा घालून शॅकल लांब केल्या. टायर मोठे, खोल नक्षीचे घेतले. चॅनेल आणि पाइप कापून पुढचा बंपर बनवला. टपावर दिव्यांची पट्टी लावली. डिफरन्शियलच्या ब्रीदरला लांब नळी जोडून ती वर केबिनच्या उंचीपर्यंत नेली. मागे ओढायला हूक बसवला.

हे सगळं कशासाठी, असं घरच्यांनी विचारलं तेव्हा माझं उत्तर तयार होतं. आपल्या भागात पाऊस कसा पडतो ते माहीत आहे, रात्री एखाद्या पाड्यावरून कोणाला दवाखान्यात आणायची वेळ आली तर दुसरी कुठली गाडी पोचणार? उत्तर खोटं नव्हतं. हरसूलला ग्रामीण रुग्णालय आहे, 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यभर धावते, पण ती डांबर संपतं तिथे थांबते. तिथून पुढे पाड्यापर्यंत आजही कित्येक ठिकाणी डोलीच. दोन माणसांच्या खांद्यावर बांबू, बांबूला बांधलेली झोळी, झोळीत बाळंतीण. हे मी पाहिलेलं आहे, त्यामुळे कारण सांगताना माझा आवाज कापला नाही.

आता त्या कारणाला मी खरेदीचा क्रम लावून बघतो. सगळ्यात आधी काय आलं? दिव्यांची पट्टी. मग बंपर, मग उंची, मग टायर. ब्रीदरची नळी, जिला फारसा खर्च येत नाही, ती फार उशिरा. आणि हौद्यात माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी फळी, ती बांधायला कड्या, वर ताडपत्रीची कमान, हे इतकी वर्षं केलंच नाही. ज्या कामासाठी गाडी तयार करतो म्हणून सांगितलं, त्या कामाला लागणारी वस्तू यादीच्या तळाशीही नव्हती. कारण खरं होतं. फक्त ते माझं कारण नव्हतं. ते मी पाड्यावरच्या आजारी माणसाकडून उसनं घेतलं होतं.

माझं स्वतःचं कारण सांगायला सोपं आहे आणि म्हणूनच जड जातं. बाजारपेठेतून ही गाडी गेली की पोरं वळून बघतात. त्र्यंबकच्या रस्त्यावर पावसाळ्यात रविवारी नाशिक-मुंबईच्या उंच गाड्यांची रांग लागते, दुगारवाडीच्या धबधब्याकडे जाणारी. त्यांच्यापेक्षा आपण काही कमी नाही, हे मला दाखवायचं होतं. त्या लोकांवर मी चहाच्या टपरीवर बसून टीका केलेली आहे.

उंचीबद्दल तर फिटर म्हणूनही मला गप्प बसता येत नाही. माझ्यासारख्या गाडीत पाट्यांवर उंची वाढवली की चेसी आणि बॉडी वर जाते, एक्सल तिथेच राहतो. डिफरन्शियलचा तो गोल डबा, जो खरोखर दगडाला लागतो, तो जमिनीपासून जेवढा होता तेवढाच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तेही टायरचा व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्म्याने. 245/70 आर 16 चा टायर काढून 265/70 आर 16 चा घातला तर व्यास 28 मिलिमीटरने वाढतो, डबा 14 मिलिमीटरने उचलला जातो. म्हणजे बोटाच्या जाडीएवढा. शिवाय व्यास पावणेचार टक्क्यांनी वाढल्याने वेगाचा काटा तेवढा कमी दाखवू लागतो. बॉडी उचलल्याने पुढचं नाक आणि मागची शेपटी चढ-उताराला कमी घासते, मोठ्या टायरला जागा होते, हे फायदे खरे. पण आमच्या मुरुमाच्या वाटांवर पाड्यापर्यंत पोचायला दोन इंच उंचीपेक्षा टायरमधली हवा थोडी कमी करणं, लो गिअर लावणं आणि धीराने चालवणं जास्त कामाला येतं. हे मला ठोकळे घालायच्या आधीपासून माहीत होतं. माहीत असून घातले.

इथवर नुकसान माझ्याच पैशाचं होतं. पुढचा भाग तसा नाही.

माझ्या गाडीच्या मागच्या ब्रेकला भार ओळखणारा व्हॉल्व्ह आहे. तो चेसीवर बसतो, त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. हौद्यात माल भरला की चेसी खाली दबते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू नये. आता मध्ये ठोकळा आला की चेसी आणि एक्सल यांतलं अंतर कायमचं वाढतं. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. हौद्यात दहा पोती असली तरी मागे ब्रेक रिकाम्या गाडीचा. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, आणि वाघेरा घाट उतरताना पुढचे ब्रेक तापतात. उपाय अवघड नाही. दांडीची पट्टी ठोकळ्याएवढी सरकवायची. पण कित्येक घरगुती कामांत हे राहून जातं, कारण ते दिसत नाही. दिसत नाही म्हणून राहतं, हे वाक्य मी माझ्या बंपरशेजारी ठेवून बघतो. बंपरचं पॉलिश मी तीनदा केलं होतं. व्हॉल्व्हची दांडी सगळं झाल्यावर, एका संध्याकाळी घाईने सरकवली.

आता हौद्यात कोण असतं? पोतीच असतात असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. या भागात गाडी रिकामी दिसली की हात वर होतो. पहाटे गिरणाऱ्याच्या मजूर नाक्यावर जायला निघालेली माणसं, द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जाणारी जोडपी, बाजाराहून परतणाऱ्या बाया, डोक्यावर नागलीचं गाठोडं. मालाच्या गाडीत माणसं बसवणं नियमात बसत नाही, विमाही त्यांना धरून नसतो. तरी वळणावर भिजत उभ्या असलेल्या म्हातारीला, "आजी, नियम नाही," असं मी म्हणू शकलो नाही, आणि पुढेही म्हणेन असं वाटत नाही. मग उरतो तो एकच प्रश्न. ती चढते तेव्हा काय बघून चढते? ती मला ओळखते, "बस गं आजी" म्हणणारा हा बाजारपेठेतला दादा आहे, एवढंच. यू-बोल्ट नवे आहेत की जुनेच पुन्हा आवळलेत, ठोकळा ओतीव आहे की मी वेल्डिंगने जोडलेला, हे ती विचारणार नाही. माणसं हौद्यात उभी राहिली की गाडीचा भार आणखी वर जातो, मी वाढवलेल्या दोन इंचांवर तो बसतो, आणि वळणावर कलंडायचा धोका वाढतो. या गणितात तिची संमती कुठेच नाही. माझ्या हौसेचा धोका तिने उचलला आहे, तेही "देव तुझं भलं करो" म्हणत.

कायदा याबाबत माझ्यापेक्षा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच उचलून धरलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आमच्यासारख्यांनी त्यावर तोडही काढलेली आहे. पासिंगच्या आदल्या रात्री दिवे उतरवायचे, जुने टायर चढवायचे, शिक्का घेऊन आलं की पुन्हा सगळं जागेवर. कायदा शहरातल्या दिखाऊ गाड्यांसाठी आहे, आम्हाला इथे गरज आहे, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. गरज असेल तर परवानगी मागायला लाज कसली, हे मात्र स्वतःला विचारलं नाही. मागितली असती तर कागदावर कारण लिहावं लागलं असतं.

बंपरचं तर कारणच सापडत नाही. केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलं की असे क्रॅश गार्ड बेकायदा आहेत, कारवाई करा. कारण साधं आहे. कारखान्यातून आलेलं गाडीचं नाक माणसाला लागलं तर थोडं दबतं. माझा पाच मिलिमीटरचा चॅनेल दबत नाही. गाडीचा धक्का तो चेसीला नेतो आणि समोरच्याचं हाड मोडतो. आणि आमच्या रस्त्यांवर समोर कोण असतं? आश्रमशाळेची मुलं, काठाकाठाने, अंधारात, तीन-तीनच्या रांगेत. 1941 ची विलीज जीप, जिच्या जोडणीपासून महिंद्रची गाड्यांची वाट सुरू झाली, ती लढाईसाठी बनली होती, तरी तिच्या अंगावर शोभेला म्हणून काही नव्हतं. मी शांततेच्या काळात, बाजारपेठेत, लढाईचं थोबाड लावून फिरतो.

ब्रीदरच्या नळीबद्दल मात्र मन शांत आहे. एक्सल तापलेला असताना थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते; नळी वर नेली की हवा वरून येते, तेल शाबूत राहतं. स्वस्त, अदृश्य, उपयोगी. पण तिच्यामुळे आलेला धीर वेगळा. नाल्यावरच्या फरशीवरून पाणी जात असलं की पूर्वी मी थांबत असे. आता पाय क्लचवरून लवकर निघतो. गाडीचा तळ साधारण साडेचार मीटर लांब, दीड मीटरहून जास्त रुंद. पाणी तळाला लागलं की पुढच्या प्रत्येक 10 सेंटिमीटरला, आत शिरण्याआधी, ते अर्धा-पाऊण टन भार उचलतं. चारही चाकांना ओढ असून काय उपयोग, चाकं जमिनीवरच नसतील तर? उंच गाडीला हे थोडं उशिरा होतं, आणि उशिरा होतं तेव्हा तुम्ही फरशीच्या मध्यावर असता.

वाटांचंही एक आहे. पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा पायांनी आणि बैलगाड्यांनी पडलेल्या. जुलैच्या तांबड्या चिखलात माझे रुंद टायर फिरले की खोल चाकोऱ्या पडतात, पुढच्या सरीचं पाणी त्यांतून धावतं, आणि कधी भाताच्या खाचराचा बांध कापतं. माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही. आमचं घर दुकानदाराचं; ज्याच्याकडे उधारीची वही आहे त्याला वारली-कोकणा शेतकरी काय बोलणार? त्यांचं न बोलणं मी परवानगी म्हणून मोजत आलो. गाडीची ताकद वाढवताना या ताकदीचा विचार केला नव्हता, आणि ती मला टायरपेक्षा जुनी मिळालेली आहे.

आणखी एक टोचतं. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार गावाच्या रस्त्यासाठी, ग्रामसभेच्या शिफारशीने, एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. त्यासाठी अर्ज, ठराव, सह्या, तालुक्याच्या खेपा लागतात. लिहिता-वाचता येणारा, गाडी असलेला माणूस तिथे उपयोगी पडला असता. पण माझी गाडी तर पोचत होती. ज्याची गाडी पोचते त्याला रस्ता नसल्याची घाई राहत नाही.

म्हणून मे महिन्यात ठोकळे काढले, शॅकल मूळच्या लावल्या, व्हॉल्व्हची दांडी पुस्तकातल्या मापाने बसवली आणि यू-बोल्ट नवे घेतले. आवळलेले बोल्ट शेजारच्या गॅरेजवाल्याला दाखवले. त्याने टॉर्क पाना फिरवला आणि आपल्या खडूने रेघा ओढल्या. टायर मूळ मापाचे, फक्त नक्षी खोल. हौद्यात फळीसाठी कड्या वेल्ड करणं चालू आहे.

बंपर अजून गाडीवर आहे. सहा बोल्ट आहेत, पाना भिंतीवर टांगलेला आहे, अर्ध्या तासाचं काम. पुढच्या पासिंगच्या आधी तो काढावाच लागेल, पण तेव्हा तो आरटीओच्या भीतीने निघालेला असेल. मला तो त्याआधी काढायचा आहे.