यंत्राचा शब्द, माणसाचा शब्द



जुलै 2011 मधील गोष्ट. अमेरिकेतील आयोवा राज्यात, वॉटर्लू शहरातील एका कॅसिनोत एक महिला स्लॉट मशीनवर खेळत होती. तिने लावलेली रक्कम होती अवघी 25 सेंट. चक्रे थांबली आणि पडद्यावर बोनसचा आकडा उमटला : 4 कोटी 17 लाख 97 हजार 550 डॉलर आणि 16 सेंट! कॅसिनोने तपासणी केली आणि सांगितले की, यंत्रात बिघाड झाला आहे, या खेळात बोनसच नाही, तुमची खरी कमाई 1 डॉलर 85 सेंट. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल 2015 मध्ये निकाल कॅसिनोच्या बाजूने लागला. खेळाचे नियम हाच दोन पक्षांमधला करार, ते नियम पडद्यावर बटण दाबून वाचता येत होते आणि त्यांत बोनसची तरतूद नव्हती, असे न्यायालयाने म्हटले.

हे वाचून आपले मन चटकन त्या महिलेच्या बाजूने धावते. पण भावना बाजूला ठेवून आपण थोडा विचार करू या. वाण्याने शंभराच्या नोटेऐवजी चुकून पाचशेची नोट परत दिली, तर ती आपली होते का? होत नाही. आपण ती परत करतो, निदान करायला हवी. दुसऱ्याच्या चुकीतून आपला हक्क निर्माण होत नाही. या दृष्टीने पाहता न्यायालयाचा निर्णय अन्यायाचा म्हणता येणार नाही.

मग कॅसिनो निर्दोष ठरला का? येथे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न पुढे येतो : वचन कोण देऊ शकतो? वचन द्यायला इच्छा लागते, जबाबदारी लागते. यंत्राला यांपैकी काहीच नाही. बटण दाबताच आतला संगणक एक आकडा निवडतो आणि निकाल त्याच क्षणी ठरतो. नंतर फिरणारी चक्रे, दिवे, संगीत हा केवळ देखावा. दीर्घकाळात खेळणाऱ्यांनी लावलेल्या पैशांपेक्षा कमीच पैसे परत जावेत, अशी त्याची रचना असते. म्हणजे यंत्राच्या तोंडून बोलतो तो मालकच. खेळणारा हरतो तेव्हा यंत्राचा शब्द अंतिम असतो. मोठा आकडा आला की मात्र बारीक अक्षरातील नियम पुढे येतो : बिघाड झाल्यास सर्व डाव रद्द. संत थॉमस अक्वायनस यांनी विक्रीतील फसवणुकीविषयी लिहिताना म्हटले आहे की, घेणाऱ्याचे नुकसान होईल असा मालातील दडलेला दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. आमिष मोठ्या दिव्यांत आणि अट बारीक अक्षरांत, हा व्यवहार कायद्यात बसेलही. पण त्यात सचोटी आहे का?

इंग्लंडमधील उच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. जानेवारी 2018 मध्ये एका गृहस्थाने ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ ऑनलाईन खेळून 17 लाख पौंडांहून अधिक रक्कम जिंकली. कंपनीने सॉफ्टवेअरमधील दोषाचे कारण सांगून पैसे नाकारले. एप्रिल 2021 मध्ये न्यायालयाने खेळणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. ज्या अटींचा आधार कंपनी घेत होती, त्या त्याच्यासमोर स्पष्टपणे मांडलेल्या नव्हत्या.

आणखी एक घटना ऐका. जानेवारी 2022 मध्ये लास वेगास येथे एका पर्यटकाला 2 लाख 29 हजार डॉलरांहून अधिक रकमेचा जॅकपॉट लागला. पण यंत्रातील बिघाडामुळे ते त्यालाही कळले नाही आणि कॅसिनोतील कर्मचाऱ्यांनाही नाही. तो घरी निघून गेला. नेवाडा राज्याच्या जुगार नियंत्रण मंडळाने अनेक कॅसिनोंमधील कॅमेऱ्यांची चित्रफीत तपासली, नोंदी चाळल्या, टॅक्सीसेवेकडून माहिती घेतली आणि त्या माणसाला शोधून काढले. त्याला त्याचे पैसे मिळाले. बिघाड इथेही होता, पण बिघाडाआड कोणी लपले नाही. हरवलेले नाणे सापडेपर्यंत घर झाडणारी स्त्री संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. येथे तर नाण्याचा मालकच हरवला होता!

बंधू-भगिनींनो, हे विषय दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाहीत. गोव्यात 1992 च्या कायदा-दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी मिळाली आणि आज पणजीला मांडवी नदीत तरंगते कॅसिनो उभे आहेत. पैशांच्या ऑनलाईन खेळांमुळे झालेली हानी पाहून आपल्या संसदेला ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करावा लागला. ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत समतोल आहे. धर्मशिक्षण ग्रंथाच्या 2413 व्या परिच्छेदानुसार नशिबाचे खेळ मुळातच अन्यायाचे नाहीत. परंतु स्वतःच्या वा कुटुंबाच्या गरजेचे पैसे त्यात जाऊ लागले की ते नैतिकदृष्ट्या स्वीकारता येत नाहीत. ही ओढ माणसाला गुलाम करू शकते, असा इशाराही तेथे आहे. न मिळालेल्या जॅकपॉटविषयी आपण हळहळतो. पण मुलांची फी, आईचे औषध, घराचा हप्ता ज्या यंत्रात गेला, त्या पैशांसाठी कोणत्या न्यायालयात दाद मागायची?

आता थोडे आपल्या अंगणात पाहू या. लाबानाने याकोबाची मजुरी दहा वेळा बदलली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब सांगतो. कॅसिनोला नावे ठेवणारे आपण, काम झाल्यावर मजुराशी नव्याने घासाघीस करतो का? घरकाम करणाऱ्या ताईला दिवाळीला देऊ म्हणालेली रक्कम नाताळपर्यंत ढकलतो का? जमिनीच्या व्यवहारात भावाला तोंडी दिलेला शब्द कागदावर नाही म्हणून नाकारतो का? बिघाड झाल्यास सर्व रद्द, हा नियम आपल्यापैकी अनेकांच्या खिशात असतो. द्राक्षमळ्याच्या धन्याने मात्र ठरलेला दीनार प्रत्येकाच्या हातावर ठेवला, आणि शेवटी आलेल्यालाही कमी दिले नाही.

या आठवड्यात आपण एक करू या. ज्याला शब्द दिला आणि अजून पाळला नाही, असा एक माणूस आठवू या आणि त्याचे देणे चुकते करू या. ज्यांच्या घरात जुगाराने अंधार केला आहे, त्यांनी संकोच न करता धर्मगुरूंकडे यावे. तेथे निवाडा होणार नाही, सोबत मिळेल.

आपले होय हे होयच राहो, यासाठी प्रभू आपणा सर्वांना बळ देवो. आमेन.