परमुलखातील मूल आणि वासनिकाचा धर्म

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी आपल्या अनुयायांस महाराष्ट्रात राहण्याची आज्ञा केली आणि कानडदेशी व तेलंगदेशी जाऊ नये असेही सांगितले, हे सूत्रपाठाचे आचारप्रकरण अभ्यासणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. या आज्ञेचा विचार आजवर बहुधा भिक्षुकांच्या अटनविजनाच्या अंगाने झाला. परंतु आज हाच प्रश्न वासनिकांच्या घराघरांतून वेगळ्या रूपाने पुढे येतो. पोटापाण्यासाठी, शिक्षणासाठी ज्यांना महाराष्ट्र सोडावा लागला, त्यांची लेकरे परमुलखात जन्मली, तेथेच वाढली. त्या लेकरांचे काय? स्वामींची आज्ञा त्यांच्या जन्मापूर्वीच मोडली गेली, म्हणून ती धर्माला अंतरली असे समजावयाचे काय?

प्रश्न कल्पनेतला नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी वसलेल्या पिंपळनेराकडे पाहावे. गावातून पश्चिमेस निघालेली वाट चरणमाळचा घाट उतरून नवापुरास जाते आणि तेथून गुजरात हाकेच्या अंतरावर आहे. या वाटेने खानदेशचे लोक कित्येक पिढ्या सुरतेकडे जात आले. सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत अहिराणी आजही रस्त्यावर ऐकू येते, आणि तेथील महानगरपालिकेला मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागल्या, इतकी ही वस्ती मोठी आहे. याच परिसरातील कष्टकरी कुटुंबे दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात. त्यांची मुले फडावरच्या पालात राहतात आणि गावची शाळा मागे पडते. तिसरे जाणे आहे ते सातासमुद्रांपलीकडचे. खेड्यातून पुण्यास, पुण्याहून अमेरिकेस गेलेल्या मुलाची मुले आता तिकडेच शाळेत जातात. विमानाने गेलेला आणि मालमोटारीत बसून गेलेला, दोघांच्याही लेकरांपुढे प्रश्न एकच उभा आहे. घरात एक बोली, दाराबाहेर दुसरी. आणि घरातले जे आहे ते कशासाठी, हे सांगणारे कोणी नाही.

प्रथम आज्ञेचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. महाराष्ट्रात राहावे ही आज्ञा मुख्यत्वे अनुसरलेल्या साधकासाठी आहे. ज्याने घरदार टाकले, भिक्षान्नावर देह ठेवला, त्याने विषयबहुल देशी जाऊन आपले वैराग्य पणास लावू नये, हा तिचा हेतू. आचारप्रकरणाच्या भाष्यकारांनी महाराष्ट्राचे लक्षण सांगताना केवळ नद्या-डोंगरांच्या सीमा सांगितल्या नाहीत. जेथे माणूस स्वतः अनुचित करीत नाही आणि दुसऱ्यासही करू देत नाही, अशा सात्त्विक आचाराच्या भूमीला त्यांनी हे थोर नाव दिले. येथून वासनिकाने एवढे घ्यावे की, देश सुटला तरी देशाचे हे लक्षण सुटता कामा नये. ते घरात राहिले तर त्या घरापुरता महाराष्ट्र तेथे आहे. ते सुटले तर पांझरेच्या काठी राहूनही माणूस परमुलखात आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात आणावी. ज्या गुजरातेत खानदेशचा मजूर पोटासाठी जातो, त्याच गुजरातेतून स्वामी महाराष्ट्रात आले. भडोचच्या प्रधानाच्या घरचे ते राजपुत्र. रामयात्रेच्या निमित्ताने निघाले, ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली, आणि पुढे ज्या लोकांत वावरले त्यांचीच मराठी त्यांनी निरूपणासाठी घेतली. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध केले ते याच बोलीत. परमुलखातून येऊन जेथे राहावयाचे तेथील माणसांशी एकरूप होणे आणि तरीही आपले तत्त्व तिळभर न सोडणे, याचा आदर्श स्वामींनीच घालून दिला आहे. म्हणून मूल तेथील भाषा बोलते, तेथील मुलांत खेळते, याची आईबापांनी धास्ती घेऊ नये. भीती बाळगावी ती दुसऱ्याच गोष्टीची.

ती गोष्ट पंथाच्या इतिहासातूनच उत्तम कळते. परचक्राच्या आणि उपहासाच्या काळात ग्रंथांचे रक्षण व्हावे म्हणून पूर्वाचार्यांनी सांकेतिक लिप्या योजिल्या. त्यांतील सकळ लिपी रवळोव्यासांनी रचली असे परंपरा सांगते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, असा तिचा संकेत. या लिपीत लिहिलेली पोथी शिष्याच्या हाती येई, तेव्हा संकेताची किल्लीही गुरुमुखातून त्याला मिळे. ज्याच्याजवळ किल्ली नव्हती, त्याच्यापुढे तीच पोथी निरर्थक अक्षरांची रांग होती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, तोवर बाहेरच्या विद्वानांची स्थिती अशीच होती. पोथ्या होत्या, वाचता येत नव्हत्या. आणि जे वाचता येत नाही त्याविषयी मनुष्य गैरसमज करून घेतो, तेही घडले.

परमुलखातील कितीतरी घरांत आज मुलांच्या हाती अशीच किल्लीवाचून पोथी दिली जात आहे. सकाळी नामस्मरण करावे, विशेषास नमस्कार करावा, मद्यमांस वर्ज्य मानावे, वडीलधाऱ्यांना दंडवत प्रणाम करावा. सारे मुलाकडून करवून घेतले जाते. मूल विचारते, का? उत्तर येते, आपल्यात असेच असते. हे उत्तर म्हणजे सकळ लिपीतले पान. लहानपणी मूल ते मुकाट्याने घेते, आणि कळू लागले की तितक्याच मुकाट्याने बाजूस ठेवते.

याचे सर्वांत अवघड उदाहरण गणेशोत्सवाचे आहे. परदेशात महाराष्ट्र मंडळ म्हणजे गणेशोत्सव असे जणू समीकरण झाले आहे. मॉरिशसचे उदाहरण घ्यावे. 1834 पासून करारबद्ध मजुरीची जी जहाजे त्या बेटावर गेली, त्यांतून कोकणची मराठी माणसेही गेली. पिढ्या उलटल्या, घरातली भाषा क्रिओल झाली, पण गणेशचतुर्थी टिकली. इतकी की ती तेथे राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही शिखरसंस्था 1981 मध्ये स्थापन झाली. त्या मंडळांच्या आश्रयाने सुटीच्या दिवशी मराठी शाळा भरतात, हे कौतुकास्पद कार्य आहे. परंतु तेथेच वासनिकाच्या मुलाला प्रश्न पडतो: मराठी मुले सारी आरतीला उभी आहेत, मग आपल्या घरी गणपती का बसत नाही? आपण मराठी नाही काय?

या प्रश्नावर पुष्कळ पालक गडबडतात. कोणी मुलाला गर्दीत ढकलून मोकळे होतात, कोणी त्याला घरी ठेवून इतरांच्या देवतेविषयी उणे शब्द बोलतात. दोन्ही मार्ग स्वामींच्या शिकवणीचे नव्हेत. केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत आहे. कानास हात लावणारा हत्तीला सुपासारखा म्हणतो, पायाशी बसलेला खांबासारखा म्हणतो. ज्याला डोळे आहेत त्याने जात्यंधांची थट्टा करावयाची नसते. संपूर्ण हत्ती कसा आहे ते सांगावयाचे असते. मुलालाही तसेच सांगता येते. उत्सव हे महाराष्ट्राचे एक अंग आहे, ज्ञानेश्वर-तुकारामांची वाट दुसरे, आणि आपल्या पूर्वजांनी धरलेली पंचकृष्णांच्या अनन्य भक्तीची वाट हेही त्याच महाराष्ट्राचे अंग आहे, आणि तेही फार जुने. देवता निराळ्या, परमेश्वर निराळा, हा विवेक मुलाच्या वयाला झेपेल तेवढा उलगडून द्यावा. मित्राच्या घरी त्याने प्रेमाने जावे, त्याचा आनंद पाहावा, कोणाची निंदा करू नये, आणि आपले अनन्यत्वही सोडू नये. असे उत्तर मिळालेले मूल मंडळात लाजत नाही आणि घरात भांडत नाही. किल्ली म्हणतात ती हीच.

किल्ली दिली गेली तर काय होते, याचा दाखला पंथात आहे. महानुभावांची परंपरा पंजाबात गेली आणि तेथे जयकृष्णी पंथ म्हणून ओळखली गेली. पेशावर आणि काबूलपर्यंत तिचे मठ झाले. त्या अनुयायांची घरची बोली पंजाबी, बाजारची भाषा आणखी वेगळी. पण धर्मग्रंथ मराठी. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी गोदावरी पाहिली नव्हती अशांनी मराठी पोथ्या वाचल्या आणि उतरून काढल्या. 1947 च्या फाळणीत सीमेपलीकडील अनुयायांवर घरदार सोडून येण्याची वेळ आली. तरी पंथ सुटला नाही. पंजाबात व दिल्लीत तो आजही नांदतो आहे. हे उत्सवाच्या थाटाने साधले नाही. नित्यविधीने साधले, आणि पोथीबरोबर अर्थ सांगणारा कोणीतरी प्रत्येक पिढीत होता म्हणून साधले.

येथे भाषेविषयी शंका येईल. मुलाला मराठी नीट येत नसेल तर अर्थ कोणत्या भाषेत सांगावा? स्मृतिस्थळातील प्रसंग प्रसिद्ध आहे. केशिराजबास संस्कृतात ग्रंथ करू इच्छीत होते, तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले; कारण त्यामुळे पंथातल्या भोळ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकल्या असत्या. आचार्यांची दृष्टी ऐकणाऱ्यावर होती. त्याच दृष्टीने पाहता, मुलाने इंग्रजीत किंवा गुजरातीत विचारले तर त्याला कळेल अशा भाषेत आधी उत्तर द्यावे आणि मग त्याच गोष्टीचा मराठी शब्द त्याच्या ओंजळीत ठेवावा. मात्र उलट बाजूही विसरू नये. पिंपळनेरच्या ओट्यावर बसलेली आजी त्याच म्हाताऱ्यांपैकी एक आहे. नातू मराठीला सर्वस्वी पारखा झाला तर ती नागवली गेली, आणि तिच्याजवळचे जे होते ते तिच्याबरोबर गेले. म्हणून अर्थ मुलाच्या भाषेत, स्मरण व पोथी मराठीत, आणि आजीशी बोलणे आजीच्या अहिराणीत, असा क्रम धरावा. रागावताना एरवी न वापरलेली मराठी बाहेर काढू नये. मायेची भाषा मूल आपण होऊन धरते.

पंथात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने मानिली आहेत. परमुलखात यांतील किती उरतात? स्थान दूर राहिले. ऋद्धिपूर किंवा कनाशी दोन-चार वर्षांतून एकदा घडले तर घडले. तेवढे मात्र घडवावेच. ऋद्धिपुरात 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. मुलाने श्रीप्रभूंच्या चरणांची भूमी वंदावी आणि आपल्या पोथीच्या भाषेचा मान तेथे डोळ्यांनी पाहावा. प्रसाद घरी असेल तर तो कपाटातली वस्तू होऊ नये. तो कोणाचा, कोठून आला, हे मुलाला ठाऊक असावे. भिक्षुकाचे दर्शन तिकडे दुर्लभ. मग उरला तो वासनिक. म्हणजे मुलाचे आईबाप, आणि त्या नगरात असलेली पंथाची दोन-चार घरे. तीन साधने दुरावली तेथे चौथ्यावर सगळा भार येतो. परमुलखातील मुलाच्या दृष्टीने पंथ म्हणजे त्याचे आईबाप. ते खरे बोलतात की नाही, जीवमात्राला दुखवतात की जपतात, नोकराशी कसे वागतात, एवढ्यावरून ते मूल स्वामींची परीक्षा करते. हा विचार कठोर आहे, पण त्यातून सुटका नाही.

गावी राहिलेल्यांचाही यात वाटा आहे. फडावर जाणाऱ्या मजुराचे लेकरू मागे ठेवून घेणारे एखादे वासनिकाचे घर, त्याची शाळा चुकू न देणारा आश्रम, ही परदेशी मराठी शाळेइतकीच पंथाची सेवा होय. त्या लेकराचा परमुलूख चाळीस कोसांवर आहे म्हणून तो कमी परका नाही. स्वामींनी ज्ञान देताना जात, कूळ, स्त्री-पुरुष पाहिले नाही. मग संस्कृतिरक्षणाची चिंता विमानाने जाणाऱ्यांपुरतीच कशी राखता येईल?

पोथी जपणारे पंथात कधी कमी पडले नाहीत. दगडमातीच्या घरांतून, परचक्रातून, फाळणीतून त्यांनी त्या जपल्या. आजच्या वासनिकाने स्वतःला एवढेच विचारावे की आपल्यामागून येणाऱ्याच्या हाती पोथीबरोबर किल्लीही पडते आहे ना. आज रात्री निजण्यापूर्वी मूल जवळ येईल आणि काही विचारील. ते जेथे असेल तेथे, सुरतेच्या चाळीत, उसाच्या फडावर किंवा समुद्रापलीकडच्या घरात, त्याला उत्तर मिळावे.

॥ दंडवत प्रणाम ॥