दुसऱ्याच्या किनाऱ्यावर झालेली इजा

आपल्या जमिनीवर कोणी करमणुकीसाठीं आला व त्यास इजा झाली, तर तिची भरपाई जमिनीच्या धन्यानें करावी काय? खड्डा खणून उघडा टाकणाऱ्यानें त्यांत पडलेल्या बैलाचें मोल भरावें, असें मोशेचें नियमशास्त्र सांगतें. धाब्यास कठडा करावा, असेंही सांगतें. पण जो धोका सर्वांस उघड दिसतो, त्याचें काय?

इंग्लंडांत चेशर परगण्यांत रेतीच्या जुन्या खाणीचें एक तळें आहे. त्याच्या कडेस समुद्रकिनाऱ्यासारखी वाळू होती. तें तेथील कौन्सिलच्या मालकीचें. पाणी धोक्याचें आहे, पोहूं नये, अशा पाट्या होत्या. १९९५ च्या मे महिन्यांत १८ वर्षांच्या एका तरुणानें तेथें उथळ पाण्यांत सूर मारला. डोकें तळाच्या वाळूवर आपटलें, मान मोडली, हातपाय कायमचे लुळे पडले. अपील कोर्टानें एक तृतीयांश दोष कौन्सिलकडे लाविला. परंतु २००३ सालीं, त्या वेळचें सर्वोच्च न्यायासन जें हाउस ऑफ लॉर्ड्स, त्यानें दावा फेटाळला. धोका उघड होता. शिवाय कित्येकांच्या अविचारापायीं वाळूवर निर्दोषपणें खेळणाऱ्या मुलाबाळांचा आनंद कां हिरावून घ्यावा, असा लॉर्ड हॉफमन यांच्या म्हणण्याचा आशय होता. कौन्सिल तर दाव्यांच्या भीतीनें तो किनारा माती टाकून, झाडें लावून बंदच करूं पाहत होतें!

आम्हांस हा निकाल योग्य वाटतो. प्रत्येक पडझडीचा दाम धन्याकडून घेऊं लागलों, तर तो कुंपण घालील, आणि ज्यांस दुसरा किनारा परवडत नाहीं अशांचींच मुलें बाहेर राहतील. हें ओळखूनच अमेरिकेंतील मिशिगन संस्थानानें १९५३ सालीं कायदा करून, फुकट येऊं देणाऱ्या धन्याचा भार हलका केला. पैसे घेणाऱ्यास मात्र ही सवलत नाहीं, आणि तेंच रास्त आहे.

तथापि पाटी लाविली म्हणजे धनी सुटला, असें कोणी समजूं नये. पाण्याखालीं बुडालेला खुंट धन्यास ठाऊक आहे व पाहुण्यास दिसत नाहीं, तर मौन हा अपराधच होय. लहान मुलांस तर पाटी वाचतांच येत नाहीं. इंग्लंडांत मोडक्या कुंपणांतून विजेच्या रेल्वेमार्गावर गेलेला सहा वर्षांचा मुलगा भाजला, तेव्हां १९७२ सालीं त्याच न्यायासनानें रेल्वेस जबाबदार धरिलें. कुंपण मोडलें आहे व मुलें आंत येतात, हें तिच्या माणसांस ठाऊक होतें.

राहिला तो लुळा पडलेला तरुण. त्याची शुश्रूषा कोणी करावी, हा प्रश्न खरा आहे. पण त्याचें उत्तर तळ्याच्या मालकी हक्कांत शोधूं नये, असें आम्हांस वाटतें.